साखरेच्या फुलांआधी

सुलभा मॅडमच्या दाराला एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं, 'फुलांच्या वर्गाला बसण्याआधी'. खाली अटी होत्या. पायाचा वर्ग झालेला हवा, म्हणजे केक स्वतः भाजता यायला हवा आणि तो वरून सपाट हवा. क्रीमचा वर्ग झालेला हवा. गोल केकवर फाँडंट चढवताना एकही सुरकुती राहता कामा नये. नखं कापलेली हवीत, हातात अंगठी आणि काचेच्या बांगड्या नकोत. हा कागद मला तोंडपाठ होता, कारण त्यातली एकेक अट पुरी करण्यात माझं दीड वर्ष गेलं होतं.

कमलताई खिल्लारेंनी तो उभ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, मला केक न्हाई शिकायचा. फकस्त फुलं शिकायची हायेत."

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नवीन कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर बदलीवरचे साहेब आले आणि साहेबांच्या बरोबर त्यांच्या बायका. सुलभा मॅडमचे यजमान अभियंता होते. मॅडम पुण्यात शिकून आलेल्या. आमच्या गावात तेव्हा केक म्हणजे बेकरीतला, वर जेलीचा लाल ठिपका असलेला. फाँडंट म्हणजे साखरेची कणीक, ती लाटून केकवर चादरीसारखी पांघरायची, आणि गम पेस्ट म्हणजे तिच्यात डिंकाची पूड घातलेली, जी पापडाहून पातळ लाटता येते आणि वाळली की चिनी मातीसारखी होते, हे आम्हाला मॅडमनी सांगितलं. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजणी त्यांच्या हॉलमध्ये जमायचो. सहाजणींत मी पहिली होते. हे मी म्हणत नाही, मॅडम म्हणायच्या. "निर्मलाचं काम बघा," म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून ऐकायची.

कमलताई चाळिशीच्या, ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या दिवशी ड्युटीवरून उतरून तशाच एसटीत बसल्या होत्या. अंगावर पांढरी साडी, पायात पांढरे बूट, खांद्याला रेक्झिनची पिशवी.

मॅडम म्हणाल्या, "फुलं शेवटी येतात, ताई. आधी केक, मग क्रीम, मग फाँडंट."

"काहून? फूल काय केकवरच ठेवावं लागते का?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "हाताला सवय लागावी म्हणून," त्या म्हणाल्या. "ज्याला केक नीट झाकता येत नाही त्याची पाकळी फाटते."

"मंग असं करू," कमलताई म्हणाल्या, "शिकायचं कुठं बी शिकते. तुमी परीक्षा घ्या. आली तर बसते, न्हाई तर जाते."

मॅडमनी त्यांना एक महिना दिला. मला ते आवडलं नाही. दीड वर्षाला एक महिना, हा हिशेब मला घरी जाईपर्यंत छळत राहिला.

महिन्यानं त्या केक घेऊन आल्या. ओव्हन नव्हता. पितळी पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण ठेवून, रॉकेलच्या स्टोव्हवर भाजलेला. मधोमध फुगून आलेला होता, आणि मला बरं वाटलं, कारण पहिली अटच सपाट केकची होती. कमलताईंनी पिशवीतून शिवणाचा दोरा काढला, केकभोवती गुंडाळला, दोन टोकं एकमेकींवरून घेतली आणि ओढली. वरचा फुगवटा अल्लाद सुटून आला. खाली टेबलासारखा सपाट केक. मी दीड वर्ष सुरीनं कापत होते.

"हे कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

"कुणी न्हाई. हाताला विचारलं."

हे त्यांचं नेहमीचं होतं. काही अडलं की 'हाताला विचारू' म्हणायच्या आणि दोन्ही हात समोर धरून बघत राहायच्या. शिवाय कामाला बसण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, बाळंतपणाला जाताना धुवावेत तसे, आणि पुसायच्या नाहीत. हात वर धरून वाळवायच्या. तोवर आमचं अर्धं लाटून व्हायचं. तरी शेवटी त्यांचंच आधी संपायचं.

त्या दिवशी केकचे तुकडे झाले. वर्गातल्या दोघींनी घेतले नाहीत. एक म्हणाली, उपास आहे. दुसरी म्हणाली, मलाही. रविवारी कसला उपास, हे कुणी विचारलं नाही. कमलताईंच्या पिशवीच्या बंदाला निळा बिल्ला होता, त्यावर बाबासाहेब होते, आणि त्यांनी आल्या आल्या मॅडमना 'जय भीम' म्हटलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ते दोन तुकडे कागदात बांधले. "आमच्या मालकाला लई आवडते," एवढंच म्हणाल्या. मी खाल्ला. तो चांगला झाला होता. वाळूचा वास येईल असं मला वाटलं होतं, तसा काही येत नव्हता. मी त्या दोघींसारखी वागले नाही याचं मला समाधान वाटलं. पण खरं सांगायचं तर मला त्यांच्या जातीशी काही देणंघेणं नव्हतं. मला त्यांच्या हातांशी होतं.

क्रीमलाही त्या पास झाल्या. फाँडंटला मात्र नापास झाल्या. चादर कडेला फाटली. त्यांनी शांतपणे विचारलं, "इथं एक फूल लावलं तर दिसंल का?" मॅडम म्हणाल्या, "फूल झाकायला नसतं." कमलताईंनी मान हलवली, जणू औषधाचं नाव लक्षात ठेवताहेत. पुढचे चार रविवार त्या घरून स्टीलचा डबा आणत, त्यावर मैद्याची कणीक चढवलेली. महाग साखर वाया जायला नको म्हणून मैद्यावर सराव. पहिल्या डब्यावर सात सुरकुत्या होत्या, मी मोजल्या. चौथ्यावर एकही नव्हती. मी डबा फिरवून फिरवून बघितला.

अशा त्या फुलांच्या वर्गात आल्या. माझ्याच बरोबर, एकाच दिवशी.

पहिल्या दिवशी मॅडमनी गम पेस्टचे नियम सांगितले आणि आम्ही वहीत उतरवून घेतले. पेस्ट उघडी ठेवायची नाही. लाटताना मैदा नको, कॉर्नफ्लोअर हवं. आणि तयार फुलं फ्रिजमध्ये कधी ठेवायची नाहीत, ओल धरून मऊ पडतात आणि माना टाकतात. हा शेवटचा नियम मी लाल पेनानं लिहिला होता.

कमलताईंनी वही आणली नव्हती. त्या पेस्टशी बोलायच्या. पाकळीची कड टोकाला गोळा असलेल्या काडीनं पातळ करताना ती ताणली जाते, कधी कधी चिरते, तेव्हा त्या म्हणायच्या, "हं, कळ काढ माय, जरा कळ काढ, झालंच." आम्ही सगळ्या हसायचो. पाकळी फाटायची नाही. माझी फाटायची.

गुलाबाच्या वेळी मॅडमनी खरा गुलाब आणायला सांगितला होता. आम्ही सगळ्यांनी तो समोर ठेवून नक्कल केली. कमलताईंनी तो पाकळी पाकळी सोडवला, कागदावर ओळीनं मांडला, कोणती कुठं वळते ते बोटानं चाचपून पाहिलं, आणि मग न बघता केला. मॅडमनी तो हातात घेतला. उजेडाकडे नेऊन पाहिला. 'निर्मलाचं काम बघा' हे वाक्य मी त्यानंतर फारसं ऐकलं नाही.

एकदा एसटी स्टँडवर त्यांच्याबरोबर उभी होते. त्यांची कळमनुरीची गाडी यायची होती. मी विचारलं, "कमलताई, एवढा खटाटोप कशासाठी? ऑर्डरी घेणार का?"

"छे, कुठं वेळ हाय?"

"मग?"

त्यांनी सांगितलं. त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा वाढदिवस होता, नांदेडहून केक आणला होता, त्यावर साखरेचं फूल होतं. कमलताईंच्या वाट्याला ते आलं. "खायचं व्हतं, खाल्लं न्हाई," त्या म्हणाल्या. "कापसाच्या खोक्यात ठेवलं. रोज काढून बघायची. कड एवढी बारीक कशी केली असंल, हेच समजंना. म्हणलं, समजून घ्यावं."

"बस्स?"

"बस्स."

मला याचाच राग आला. मी शिकत होते त्याला कारण होतं. माझे मिस्टर क्लार्क होते, दोन मुली होत्या, मला माझं काहीतरी उभं करायचं होतं. या बाईला काहीच उभं करायचं नव्हतं. नुसतं समजून घ्यायचं होतं, आणि तिला समजत होतं.

स्वतःच्या मनानं फूल करा असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी ऑर्किड केलं, पुस्तकातलं चित्र बघून. हिंगोलीत ते कुणी पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा. कमलताईंनी कापसाचं फूल केलं. एकाच फांदीवर दोन, एक फिकट पिवळं, एक गुलाबी. मॅडमनी विचारलं, दोन रंग का?

"पहिल्या दिवशी पिवळं असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. आमी निंदायला जायचो तवा रोज पाहायचो. एकाच झाडाला दोन्ही दिसते."

मी जन्मभर कापसाच्या मुलखात राहिले. माझ्या माहेरच्या गावाला, साखऱ्याला, चारी बाजूंनी कापूस. मला ते फूल रंग बदलतं हे माहीत नव्हतं. माझं ऑर्किड चांगलं झालं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी ते चुरडून साखरेच्या डब्यात टाकलं.

मग पावसाळ्यात मॅडमकडे मोठी ऑर्डर आली. गावातल्या एका डॉक्टर जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तीन मजली केक. मॅडमच्या यजमानांच्या बदलीचं तेव्हा घाटत होतं, आणि आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की जाताना त्या वर्ग कुणाच्या तरी हाती देतील. साचे, कटर, ओव्हन, सगळं. त्यांनी काम वाटून दिलं. केक झाकायचा मी. फुलं कमलताईंची, तीस गुलाब.

आठवडाभर त्यांनी ते गुलाब केले आणि शनिवारी दुपारी माझ्या घरी आणून दिले, कारण रविवारी सकाळी गर्दीच्या एसटीत ते आणले असते तर मोडले असते. डब्यात कापूस अंथरून ओळीनं ठेवलेले. "तुमच्या कपाटात ठेवा ताई," त्या म्हणाल्या. "कोरड्या जागी. मी सकाळी ड्युटी उतरून येतेच." आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या.

मी डबा उघडून बघितला. एकेक गुलाब वेगळा होता. काही अर्धे उमललेले, काहींची बाहेरची एखादी पाकळी नकळत मागं वळलेली. मी तासभर बघत बसले असेन. मग झाकण लावलं, उठले आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

ठेवताना मला माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. विसरून नाही, चुकून नाही. वर दुधाचं पातेलं होतं, ते मी सरकवून जागा केली. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं, फ्रिज चालू-बंद होत होता, आतून घाम येत होता. सकाळी मी डबा काढला आणि मॅडमकडे नेला.

कमलताई आल्या, हात धुतले, वाळवले, आणि झाकण उघडलं. गुलाबांनी माना टाकल्या होत्या. कडा ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, खालच्या पाकळ्या कापसावर गळून पडल्या होत्या. मॅडम पुढं आल्या आणि खुर्चीवर बसल्या. संध्याकाळी पाचला केक न्यायचा होता.

"काय झालं हे?" मॅडम म्हणाल्या.

कमलताईंनी डब्याच्या तळाला हाताची पालथी बाजू लावली, ताप बघतात तशी. माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर. "गार लागून राहिला," असं त्या हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल इतकं. मग मॅडमकडे वळल्या.

"हवा ओली हाय मॅडम. पावसाळ्याचे दिवस."

"आता?"

कमलताईंनी हात समोर धरून पाहिले. "गुलाब न्हाई व्हायचे. निंबाची फुलं करू. बारीक फूल लवकर वाळते." आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमी लाटा, मी कापते."

दुपारभर आम्ही शेजारी बसलो. मी लाटत होते, त्या कापत होत्या. कडुनिंबाची, पाच पाकळ्यांची, तांदळाएवढी फुलं. पंख्याखाली, दिवे लावून, गेले की मेणबत्तीच्या उबेला धरून, त्यांनी ती शेकड्यांनी केली. त्यांच्या हाताची ऊब माझ्या कोपराला लागत होती. त्या काही बोलल्या नाहीत, पेस्टशीसुद्धा नाही. चार वाजता त्यांनी तीन मजल्यांवरून निंबाचा मोहर उतरवला, वरून खाली, वाऱ्यानं पडावा तसा. मी झाकलेल्या पांढऱ्या केकवर तो असा दिसत होता की मॅडमचे डोळे भरून आले. डॉक्टरांच्या घरी त्या संध्याकाळी कितीतरी वेळ केक कुणी कापलाच नाही म्हणे.

गुलाबांपेक्षा ते चांगलं झालं होतं. मी त्यांच्याकडून मान हिरावून घ्यायला गेले आणि त्यांना अधिकच मिळवून दिला.

दोन महिन्यांनी मॅडमची बदली झाली. वर्ग मला मिळाला. सामानाची खोकी माझ्या घरी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? मी आधी कमलला विचारलं होतं. ती म्हणाली, निर्मलाताईला द्या, त्यांना गरज हाय, आणि त्या कामाला पक्क्या हायेत." मॅडमना वाटलं, मला आनंद होईल.

कमलताई शेवटच्या दिवशी भेटल्या. मॅडमना साडी-चोळी घेऊन आल्या होत्या. निघताना दारातल्या त्या अटींच्या कागदापाशी थांबल्या.

"हा कागद तुमच्या दाराला लावाल ना?"

"हो."

"मंग यात एक वाढवा. फुलं फ्रिजमंधी ठेवू नका म्हणून. आधीच सांगत जा. लोकायला ठाऊक नसते." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमाला बी तवा ठाऊक नसंल."

त्या वाट बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मला आजही वाटतं की त्यांनी मला दोन दारं उघडून दिली होती, कबुलीचं आणि बहाण्याचं, आणि दोन्हींपैकी कुठूनही मी जाऊ शकत होते.

"नव्हतं ठाऊक," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला तेच वाटलं." आणि एसटीच्या वेळेचं काहीतरी बोलत पायऱ्या उतरून गेल्या.

त्यानंतर दहाएक वर्षं मी वर्ग चालवला. वाईट चालला नाही. कळमनुरीच्या, वसमतच्या, सेनगावच्या मुली यायच्या. कमलताई कधी आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. त्यांच्या गावाकडची कुणी आली की मी इकडचं तिकडचं बोलून विचारायची, खिल्लारे सिस्टर अजून फुलं करतात का. कुणालाच माहीत नसायचं. फुलं? कुठली फुलं? मला रात्रपाळी संपवून, दार लावून, एकट्याच फुलं करत बसलेल्या कमलताई दिसायच्या. माझ्याहून चांगली, कुणालाही न दाखवता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कळमनुरीतच. नात्यातल्या एका लग्नाहून परत येत होते. आमच्या गाडीचं टायर बसलं, ड्रायव्हर जॅक शोधत होता, आणि मी शाळेच्या मैदानाच्या कडेला निंबाखाली उभी होते. सुट्टीचे दिवस, मैदान रिकामं. एक बाई स्कूटी शिकत होती आणि एक म्हातारा माणूस मागचं सीट धरून धावत होता.

कमलताईच. केस पूर्ण पांढरे, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात तेच पांढरे बूट. बहुतेक नुकत्याच रिटायर झाल्या असतील. स्कूटी डावीकडे झुकली, दोघं धुळीत पडले. मी दोन पावलं पुढं गेले. त्यांचे मालक कपडे झटकत म्हणाले, "आता बस झालं, गुडघा फुटंल."

"फुटू द्या. पट्टी कुणाला बांधता येते?" त्या म्हणाल्या, आणि दोघंही जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागले.

मग उठल्या. स्कूटी उभी केली. "धरू नका," म्हणाल्या. मालक धरायला वाकले होते, ते मागं झाले. गाडी डुगडुगली, सरळ झाली, आणि त्या मैदानाच्या पार टोकापर्यंत गेल्या. वळता येईल का, असं मला वाटलं. खरं तर येऊ नये असं वाटलं. त्या वळल्या, मोठा गोल घेऊन, मान ताठ, ओठ मिटलेले, आणि माझ्या समोरून दहा हातांवरून गेल्या. त्यांची नजर पुढच्या चाकावर होती.

हाक मारायला तोंड उघडलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "चला बाई, झालं." मी गाडीत बसले. मागच्या काचेतून बघितलं तेव्हा त्या दुसरा फेरा घेत होत्या आणि त्यांचे मालक मैदानाच्या मधोमध उभे राहून त्यांच्याबरोबर गोल फिरत होते.

मला स्कूटी येत नाही. घरी दारात धाकट्या मुलीची उभी आहे, रोज पुसते मीच.